डॅनी मॅक्ग्रेन आणि गोलफरक

फुटबॉलमधल्या डिफेंडरची अवस्था क्रिकेटमधल्या विकेटकीपरसारखी असते. कीपर दिवसभर उठाबशा काढत शेकडो बॉल पकडतो, त्याकडे कोणी बघत नाही. एक कॅच सुटला की मात्र तो दहा वर्षं लोकांच्या लक्षात राहतो. स्ट्रायकरचे गोल मोजता येतात, त्यांचे व्हिडिओ बनतात, पोरं ते रात्री जागून बघतात. डिफेंडरने वाचवलेला गोल मुळात झालेलाच नसतो. जे झालंच नाही ते कुठल्या रकान्यात लिहिणार?

मग डिफेंडर किती चांगला होता हे ठरवायचं कसं? माझी एक साधी पद्धत आहे. तो नसताना काय झालं ते बघायचं. (प्रत्येक ऑफिसात एक शांत माणूस असतो, तो दिवाळीच्या सुट्टीवर गेला की तिसऱ्या दिवशी सर्व्हर झोपतो आणि मग मॅनेजरला कळतं की हा नक्की काय करत होता. तसंच.) या पद्धतीने बघायला डॅनी मॅक्ग्रेनइतका चांगला माणूस दुसरा नाही, कारण खेळाच्या ऐन भरात असताना त्याला जवळजवळ दीड वर्ष बाहेर बसावं लागलं, आणि नेमका तेव्हाच एक वर्ल्ड कप येऊन गेला.

पण त्याआधी त्याच्या आडनावाबद्दल सांगायला हवं.

ग्लासगो शहरात दोन मोठे क्लब आहेत, सेल्टिक आणि रेंजर्स. सेल्टिक १८८७ साली ब्रदर वॉलफ्रिड नावाच्या एका कॅथलिक धर्मबंधूने सुरू केला. शहराच्या पूर्व भागातल्या आयर्लंडहून आलेल्या गरीब कॅथलिक कुटुंबांसाठी पैसे उभे करणं हा उद्देश होता. समोर रेंजर्स, प्रोटेस्टंट लोकांचा क्लब. सेल्टिकने आपल्या टीममध्ये प्रोटेस्टंट खेळाडू नेहमीच घेतले. रेंजर्सकडे मात्र विसाव्या शतकात बराच काळ एक न लिहिलेला नियम होता, की जाहीरपणे कॅथलिक असलेला खेळाडू घ्यायचा नाही. हा नियम ठळकपणे मोडला तो थेट जुलै १९८९ मध्ये, मो जॉन्स्टनला घेऊन. तेव्हा रेंजर्सच्याच काही समर्थकांनी चिडून आपले मफलर जाळले होते.

डॅनियल फर्गस मॅक्ग्रेन १ मे १९५० ला ग्लासगोच्या फिनिस्टन भागात जन्मला आणि ड्रमचॅपलला वाढला. घर प्रोटेस्टंट आणि पोरगा रेंजर्सचा समर्थक. शाळकरी वयात तो इतका चांगला खेळायचा की रेंजर्सचा एक माणूस त्याला बघायला आला होता. त्याने नाव ऐकलं, ‘डॅनियल मॅक्ग्रेन’, आणि मनातल्या मनात ठरवून टाकलं की हा कॅथलिकच असणार. विषय संपला. विचारण्याचीसुद्धा गरज वाटली नाही. ही गोष्ट ग्लासगोत अजूनही चवीने सांगतात. आडनाव ऐकून जात काढण्यात आपण मराठी माणसं काही कमी तरबेज नाही, त्यामुळे आपल्याला यात समजण्यासारखं अवघड काही नाही. फक्त इथे काढलेली ‘जात’ चुकली आणि रेंजर्सने आपल्याच एका चाहत्याला शेजारच्या घरात धाडलं.

सेल्टिकने १९६७ मध्ये त्याला घेतलं. हे वर्ष साधंसुधं नव्हतं. २५ मे १९६७ ला लिस्बनमध्ये सेल्टिकने इंटर मिलानला २-१ हरवून युरोपियन कप जिंकला, आणि मैदानावरचे अकराच्या अकरा खेळाडू त्यांच्या स्टेडियमपासून तीस मैलांच्या आत जन्मलेले होते. अशा टीममध्ये सतरा वर्षांच्या पोराला जागा कुठली? मॅनेजर जॉक स्टीनकडे राखीव पोरांची एक फळी तयार होत होती, तिला लोक ‘क्वालिटी स्ट्रीट गँग’ म्हणायचे. केनी डॅल्ग्लिश, लू मकारी, डेव्हिड हे, जॉर्ज कॉनली आणि आपला मॅक्ग्रेन. यातले मकारी, हे आणि डॅल्ग्लिश पुढे एकेक करून जास्त पैशासाठी इंग्लंडला गेले, कॉनली फुटबॉललाच कंटाळला. मॅक्ग्रेन राहिला. वीस वर्षं राहिला. सेल्टिकसाठी साडेसहाशेहून जास्त मॅच खेळला.

पहिली मॅच मिळाली ऑगस्ट १९७० मध्ये. दोन सीझन होतायत तोच मार्च १९७२ मध्ये फॉल्कर्कविरुद्ध डोक्याला डोकं आपटलं आणि कवटीला फ्रॅक्चर झालं. कवटीला! डिफेंडरचं निम्मं काम हेडिंगचं. बरा होऊन पुढच्या सीझनला परत आला आणि पूर्वीसारखाच डोकं घालायला लागला. त्यानंतर वर्षभरात, मे १९७३ मध्ये, वेल्सविरुद्ध तो स्कॉटलंडकडून पहिल्यांदा खेळला.

इथे एक गंमत आहे. मॅक्ग्रेन उजव्या पायाचा, उजव्या बाजूचा बॅक. पण स्कॉटलंडच्या टीममध्ये ती जागा आधीच भरलेली होती, रेंजर्सच्या सँडी जार्डिनने. मग मॅक्ग्रेनला डावीकडे टाकलं. उलट्या बाजूला बॅक म्हणून खेळणं म्हणजे प्रत्येक बॉल एकदा जास्त वळवावा लागणं, टॅकल करताना चुकीचा पाय पुढे येणं. त्याने ते अशा सफाईने केलं की बघणाऱ्याला फरक कळू नये. एक सेल्टिकचा, एक रेंजर्सचा. क्लबच्या मॅचमध्ये हे दोघे एकमेकांसमोर असायचे तेव्हा स्टेडियमचे दोन्ही अर्धे एकमेकांच्या धर्माचा उद्धार करायचे, आणि स्कॉटलंडच्या निळ्या शर्टात हेच दोघे दोन बाजू सांभाळायचे.

१९७४ चा वर्ल्ड कप पश्चिम जर्मनीत होता. स्कॉटलंडने झाईरला २-० हरवलं, ब्राझीलशी ०-०, युगोस्लाव्हियाशी १-१. तिन्ही टीमचे गुण चार-चार. मग गोलफरक, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल. आपल्या नेट रन रेटचाच भाऊ समजा. युगोस्लाव्हियाने झाईरला ९-० धुतलं होतं, ब्राझीलने ३-० हरवलं होतं. स्कॉटलंडचा फरक अधिक दोन, ब्राझीलचा अधिक तीन. एका गोलाने स्कॉटलंड घरी. त्या वर्ल्ड कपमध्ये एकही मॅच न हरलेली ती एकमेव टीम होती, कारण कप जिंकणारी पश्चिम जर्मनीसुद्धा पूर्व जर्मनीकडून हरली होती! तीन मॅचमध्ये एकच गोल खाल्ला, तरी बाहेर. डिफेंडरने आणखी काय करायचं?

त्या स्पर्धेहून आल्यावर मॅक्ग्रेनचं वजन उतरायला लागलं आणि तहान थांबेना. निदान झालं डायबिटीस, इन्सुलिन घ्यावं लागणारा. वय चोवीस.

आज हे वाचताना आपल्या डोळ्यांसमोर दंडावर चिकटवलेला सेन्सर आणि मोबाईलवरचा आलेख येतो. १९७४ मध्ये घरच्या घरी रक्तातली साखर मोजायचं यंत्र सामान्य पेशंटच्या हातात आलेलं नव्हतं. लघवीच्या थेंबांत गोळी टाकायची आणि रंग कुठला येतो ते बघायचं. तो रंगही काही तासांपूर्वीची हकीगत सांगणार. इन्सुलिन गुरांच्या नाहीतर डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं, सिरिंज अनेकदा काचेची, उकळून परत वापरायची. आता यात नव्वद मिनिटं पळणं घाला. पळताना स्नायू साखर ओढून घेतात आणि सकाळी टोचलेलं इन्सुलिन काही परत काढता येत नाही. साखर फार उतरली की हात थरथरतात, नजर धूसर होते, डोकं चालेनासं होतं. आणि डिफेंडरचा तर सगळा धंदाच अर्ध्या सेकंदात डोकं चालवण्याचा. (जाता जाता: इन्सुलिनच्या शोधासाठी १९२३ चं नोबेल ज्या दोघांना मिळालं त्यातला एक, जॉन मॅक्लाउड, स्कॉटिशच होता, ॲबर्डीनला शिकलेला.)

मॅक्ग्रेन निदानानंतर सेल्टिककडून आणखी तेरा वर्षं खेळला. स्कॉटलंडसाठी तो एकूण ६२ मॅच खेळला, त्यातला मोठा हिस्सा डायबिटीस झाल्यानंतरचा. माझ्या मते त्याच्या सगळ्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, आणि तिचाही कुठे रकाना नाही.

पुढची दोन-तीन वर्षं तो जगातल्या उत्तम बॅकपैकी एक होता असं मी बिनधास्त म्हणतो. मे १९७६ मधली हॅम्पडनवरची इंग्लंडविरुद्धची मॅच घ्या. स्कॉटलंड २-१ जिंकलं. लोकांना आठवतो डॅल्ग्लिशचा गोल, कारण बॉल इंग्लंडचा कीपर रे क्लेमन्सच्या दोन पायांमधून गेला आणि त्यावर पन्नास वर्षं विनोद चालू आहेत. पण शेवटच्या काही मिनिटांत इंग्लंडचा मिक चॅनन मोकळा सुटला होता. मॅक्ग्रेनने त्याला गाठून टॅकल केला. इतका स्वच्छ की फाऊल नाही, पेनल्टी नाही. तो टॅकल चुकला असता तर २-२ झाले असते आणि डॅल्ग्लिशच्या गोलाची आज निम्मी आठवणही राहिली नसती.

१९७७ मध्ये सेल्टिकने लीग आणि स्कॉटिश कप दोन्ही जिंकले, फुटबॉल पत्रकारांनी मॅक्ग्रेनला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं, आणि ऑगस्टमध्ये डॅल्ग्लिश लिव्हरपूलला गेल्यावर तो कॅप्टन झाला. मग १ ऑक्टोबर १९७७. हिबर्निअनविरुद्ध एका टॅकलमध्ये घोट्याला लागलं. सुरुवातीला किरकोळ वाटलेली दुखापत बरी व्हायचं नावच घेईना. आठवडे गेले, महिने गेले, सीझन गेला.

आता लावा आपली पद्धत. चॅम्पियन असलेला सेल्टिक त्या सीझनला पाचवा आला आणि जॉक स्टीनची मॅनेजरकी संपली. अर्थात सगळं खापर एका घोट्यावर फोडता येणार नाही. डॅल्ग्लिश गेलेला होता, अनुभवी पॅट स्टँटनही सीझनच्या सुरुवातीलाच जायबंदी झाला होता. एका वेळी तीन गोष्टी बदलल्या की बग नक्की कशामुळे आला ते सांगता येत नाही, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. त्यामुळे सेल्टिकचा पुरावा मी अर्धाच धरतो.

अर्जेंटिनाचा पुरावा जास्त बोलका आहे. १९७८ चा वर्ल्ड कप. स्कॉटलंडचा मॅनेजर ॲली मॅक्लाउड, याच्या आत्मविश्वासाबद्दल काय बोलावं! आपण पदक घेऊनच येणार असं सांगत फिरत होता आणि अख्खा देश त्याच्यामागे नाचत होता. विमानतळावर जाण्याआधीच हॅम्पडनवर हजारो लोकांसमोर निरोपाची मिरवणूक झाली. पहिली मॅच कोर्दोबात पेरूशी. जो जॉर्डनने पहिला गोल केला, मग पेरूने बरोबरी साधली, स्कॉटलंडने पेनल्टी वाया घालवली, आणि तेओफिलो कुबियासने दोन गोल ठोकले. ३-१. खरं सांगायचं तर कुबियासचे दोन्ही गोल लांबून मारलेले होते, त्यात उजव्या बॅकचा दोष काढणं अन्याय होईल. पण पेरूचे वेगवान विंगर दोन्ही बाजूंनी जो धुमाकूळ घालत होते तो बघताना स्कॉटलंडमधल्या घराघरात एकच नाव निघत असणार. पुढच्या मॅचमध्ये मॅक्लाउडने उजवा बॅक बदलला, इराणशी १-१ झाली. त्याच्या पुढच्या मॅचमध्ये परत पहिल्याला आणला. तीन मॅच, एक जागा, दोन माणसं. ज्या जागेचा चार वर्षं कुणाला विचारही करावा लागला नव्हता, ती जागा!

शेवटच्या मॅचमध्ये हॉलंडला तीन गोलांच्या फरकाने हरवायचं होतं. आर्ची गेमिलने तिघांना चकवून तो अजरामर गोल केला, स्कॉटलंड ३-१ पुढे गेलं, मग एक गोल खाल्ला आणि ३-२ वर थांबलं. गुण हॉलंडइतकेच, तीन. गोलफरकाने बाहेर. हॉलंड पुढे फायनल खेळलं.

मॅक्ग्रेन असता तर वर्ल्ड कप जिंकला असता असलं काही मी म्हणत नाही. तयारी ढिसाळ होती, हॉटेल भंगार होतं, विली जॉन्स्टनला उत्तेजक घेतल्याबद्दल मधूनच घरी पाठवावं लागलं. पण इराणकडून एक कमी खाल्ला असता तर ते दोन गुण होते, आणि तेवढे पुरले असते. जगातल्या उत्तम बॅकने तीन मॅचमध्ये एक गोल वाचवणं ही काही फार मोठी मागणी नाही.

असो. मॅक्ग्रेन १९७९ मध्ये परतला. आधीचा वेग थोडा कमी झालेला, दाढी वाढलेली, अंदाज पूर्वीपेक्षा पक्का. २१ मे १९७९ ला लीगच्या निकालाच्या मॅचमध्ये सेल्टिकने रेंजर्सला ४-२ हरवलं, तेही जॉनी डॉइलला रेफरीने बाहेर काढल्यावर दहाच माणसांनिशी. कॅप्टन मॅक्ग्रेन. पुढच्या वर्षी स्कॉटिश कपची फायनल, पुन्हा रेंजर्सच. जादा वेळेत मॅक्ग्रेनने लांबून बॉल मारला, जॉर्ज मॅक्लस्कीने मध्येच पाय लावून दिशा बदलली, १-०. गोलाची नोंद अर्थातच मॅक्लस्कीच्या नावावर. मॅच संपल्यावर दोन्हीकडचे प्रेक्षक मैदानात उतरून बाटल्या फेकत एकमेकांवर धावून गेले, घोड्यावरचे पोलीस आणावे लागले, आणि त्यानंतर स्कॉटलंडच्या फुटबॉल मैदानांवर दारूबंदीचा कायदा आला.

१९८२ ला स्पेन. जॉक स्टीन आता स्कॉटलंडचा मॅनेजर, आणि बत्तिसाव्या वर्षी मॅक्ग्रेन पहिल्या मॅचचा कॅप्टन. न्यूझीलंडविरुद्ध स्कॉटलंड ३-० पुढे होतं. मग मॅक्ग्रेन आणि गोलकीपर ॲलन रफ यांच्यातल्या गोंधळातून एक गोल गेला, पाठोपाठ दुसरा गेला. शेवटी ५-२ जिंकले, पण ते दोन गोल फार महागात पडले. कसे, ते बघा. ब्राझीलकडून ४-१ हरल्यावर शेवटची मॅच सोव्हिएत युनियनशी होती. गुण सारखेच. सोव्हिएतचा गोलफरक अधिक दोन, स्कॉटलंडचा शून्य. म्हणजे स्कॉटलंडला जिंकणं भागच होतं. न्यूझीलंडचे ते दोन गोल गेले नसते तर स्कॉटलंडचाही फरक अधिक दोन झाला असता, केलेले गोल जास्त असल्याने ते वर राहिले असते, आणि बरोबरी पुरली असती.

मॅच २-२ बरोबरीत सुटली.

मॅक्ग्रेनला ब्राझीलविरुद्ध वगळलं होतं, सोव्हिएतविरुद्ध तो बदली म्हणून शेवटी आला. देशासाठी ती त्याची शेवटची मॅच. तीन वर्ल्ड कप, तिन्हीत गोलफरकाने बाहेर. एकात तो दोष देण्यासारखं काहीही न करता हरला, एकात तो नव्हता, आणि एकात त्याचाच पाय घसरला. या तिसऱ्याबद्दल लोक त्याला फारसं बोलत नाहीत. सोव्हिएतविरुद्धच्या मॅचमध्ये ॲलन हॅन्सन आणि विली मिलर एकमेकांवर आपटले आणि सोव्हिएतचा गोल झाला, तो प्रसंग जास्त विनोदी होता म्हणून तोच लक्षात राहिला.

आता ३ मे १९८६. लीगचा शेवटचा दिवस. हार्ट्सचा क्लब सेल्टिकच्या दोन गुण पुढे, लीगमध्ये सलग २७ मॅच न हरलेला. त्यांना डंडीविरुद्ध फक्त एक गुण हवा होता. हार्ट्सच्या बचावात कोण होतं? सँडी जार्डिन, वय ३७, त्या वर्षीचा पत्रकारांनी निवडलेला सर्वोत्तम खेळाडू. तिकडे सेंट मिरेनच्या लव्ह स्ट्रीट मैदानावर सेल्टिककडून मॅक्ग्रेन, दोनच दिवसांपूर्वी ३६ पूर्ण झालेला. १९७४ च्या दोन बाजू, आता दोन वेगळ्या गावांत एकाच कपासाठी. सेल्टिकला मोठा विजय हवा होता आणि वर हार्ट्सने हरायला हवं होतं. हाफ टाइमला सेल्टिक ४-० पुढे. शेवटी ५-०. त्यात गोल करणाऱ्यांमध्ये मो जॉन्स्टन होता, तोच, तीन वर्षांनी रेंजर्सला जाऊन शहर पेटवणारा. तिकडे डंडीत ०-० चालू होतं. संपायला सात मिनिटं असताना बदली म्हणून आलेल्या अल्बर्ट किडने एक गोल केला. चार मिनिटांनी दुसरा.

दोन्ही क्लबांचे गुण पन्नास-पन्नास. सेल्टिकचा गोलफरक अधिक २९, हार्ट्सचा अधिक २६. मॅक्ग्रेनच्या खात्यातली ही शेवटची लीग.

१९८७ मध्ये क्लबने त्याला मोकळं केलं. तो तिथून काही मैलांवरच्या हॅमिल्टन ॲकॅडेमिकलला गेला, एक सीझन खेळला, त्यांना खालच्या डिव्हिजनचं विजेतेपद मिळवून दिलं आणि बूट काढून ठेवले. पुढे १९९२ मध्ये तो आर्ब्रोथ नावाच्या समुद्रकाठच्या छोट्या गावातल्या क्लबचा मॅनेजर झाला. टीम काही फार चमकली नाही, पण तिथले प्रेक्षक दर शनिवारी खोट्या दाढ्या लावून स्टँडमध्ये बसायचे आणि स्वतःला ‘डॅनी मॅक्ग्रेनची दाढीवाली फौज’ म्हणवून घ्यायचे. तिथली दोन वर्षं संपल्यावर पुढे तो सेल्टिकलाच परत गेला, पोरांना टॅकल शिकवायला.